अलीकडचा काठ

आमच्या दोन शहरांमध्ये एक नदी आहे, एक पूल आहे आणि एकमेकांबद्दल अपार प्रेम आहे. यातलं प्रेम नवीन आहे. शेजारच्या शहरांनी मिळून मागितलं तरच निधी मिळेल, असं सरकारने जाहीर केलं आणि त्याच आठवड्यात आम्हाला एकमेकांचा उमाळा आला.

त्याआधी काय होतं ते पुलावर दिसतं. पुलाचा कठडा आमच्या बाजूने निघतो तेव्हा निळा असतो आणि बरोबर मध्यावर पिवळा होतो. आम्ही आमचा अर्धा रंगवून ब्रश उचलला, त्यांनी त्यांचा. मध्यावरच्या खांबाचा दिवा वर्षानुवर्षं बंद आहे, कारण तो खांब कोणाच्या हद्दीत येतो हे ठरलेलं नाही. ते ठरवायला एक समिती होती. तिच्यातले बरेचसे सदस्य आता हयात नाहीत, दिवा मात्र अजून विचाराधीन आहे.

दोन्ही शहरांची आणखी एक खोड आहे. दोघंही स्वतःला 'अलीकडचे' म्हणतात आणि समोरच्यांना 'पलीकडचे'. आता हे कोणीही म्हणेल, पण आमच्याकडे तो नुसता दिशेचा मामला नाही. 'पलीकडचा आहे' एवढं म्हटलं की पुढे काही सांगावं लागत नाही. ऐकणारा समजून मान हलवतो.

माझी यात भलतीच पंचाईत आहे. माझं माहेर एका काठावर, सासर दुसऱ्या. सासूबाईंसमोर माहेर पलीकडे असतं, बाबांसमोर सासर पलीकडे असतं. पुलाच्या मध्यावर, त्या बंद दिव्याखाली, माझी जीभ आपोआप फिरते. ही सवय मला बाबांकडून लागली असावी. ते बसचे कंडक्टर होते आणि त्यांची बस दिवसभर याच पुलावरून ये-जा करायची. पूल आला की ते ओरडायचे, "अलीकडचे उतरून घ्या, पलीकडचे बसून राहा!" परतीच्या फेरीत हेच शब्द, पण उतरणारे वेगळे. एकही प्रवासी कधी चुकीच्या ठिकाणी उतरला नाही. साधी गोष्ट आहे, जो जिथे उभा तिथलं ते अलीकडचं. हे बसमधल्या लोकांना कळत होतं. पुढे ज्यांच्याशी माझी गाठ पडली ते लोक बसने फिरणारे नव्हते.

निवृत्तीनंतर बाबांच्या किडन्यांनीही निवृत्ती घेतली. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, आणि ते होतं थेट मोठ्या शहरात, बसने जाऊन-येऊन निम्मा दिवस खाणाऱ्या अंतरावर. जाताना ते बसमध्ये खिडकीशी बसून नव्या कंडक्टरच्या चुका काढतात, येताना डोळे मिटून पडून असतात. दादा कारखान्यात पाळीवर असतो, वहिनीच्या मागे घर आहे, त्यामुळे कधी ती, कधी मी, कधी कोणीच नाही. पाणीही मोजून प्यायचं. दिवसाला एक छोटा तांब्या, त्यात चहासुद्धा आला. खिडकीतून नदी दिसते आणि बाबा जीभ ओली करायला बर्फाचा खडा चोखत बसतात. मला त्या नदीचा राग येतो. त्यात तिची काही चूक नाही, हे मला माहीत आहे.

म्हणून जेव्हा ठरलं की दोन्ही शहरांनी मिळून सरकारकडे डायलिसिस केंद्र मागायचं, तेव्हा आमच्या नगरपालिकेत सगळ्यात जास्त आनंद कोणाला झाला असेल तर तो मला. मी तिथे वरिष्ठ लिपिक आहे. बैठकांचं इतिवृत्त लिहिते, म्हणजे लोक जे बोलले ते न लिहिता त्यांनी जे बोलायला हवं होतं ते लिहिते. संयुक्त समितीचं काम मुख्याधिकारी साहेबांनी माझ्याच गळ्यात मारलं.

"तुमचं माहेर तिकडचं, सासर इकडचं," ते म्हणाले. "दोन्ही बाजूंचा तुमच्यावर विश्वास बसेल."

झालं उलटंच. इकडचे मला तिकडची समजत आणि तिकडचे इकडची. पण त्याचा एक फायदा होता. माझ्यासमोर दोघंही एकमेकांबद्दल तेवढंच वाईट बोलत, त्यामुळे माहितीत समतोल राहायचा.

समितीत माणसं पुष्कळ होती, पण बोलणारी दोनच. एक आमचे नगराध्यक्ष. त्यांना सगळं शहर फीतकापे म्हणतं. हे काही त्यांचं आडनाव नाही, कमाई आहे. सार्वजनिक मुतारीपासून वाहतूक बेटापर्यंत त्यांनी न कापलेली फीत राहिलेली नाही आणि त्यांच्या खिशात कायम स्वतःची कात्री असते. दुसऱ्याच्या कात्रीवर त्यांचा भरवसा नाही. दुसरे पलीकडचे नगराध्यक्ष, म्हणजे सर्वानुमते. ते कोणालाही न विचारता निर्णय घेतात आणि बाहेर येऊन सांगतात, "सर्वानुमते ठरलं." त्यांच्या घरी आज काय जेवण करायचं तेही सर्वानुमते ठरतं, असं त्यांची बायको वहिनीला सांगत होती.

पहिली बैठक कुठे घ्यायची यावर तीन बैठका झाल्या. त्या कुठे झाल्या हे विचारू नका, फोनवर झाल्या. शेवटी पुलाजवळचं एक सरकारी विश्रामगृह सापडलं. ते दोघांच्याही मालकीचं नव्हतं आणि तिथल्या खुर्च्या दोघांनाही सारख्याच टोचत होत्या. तिथे आम्ही केंद्राचं नाव ठरवलं, बोधचिन्ह ठरवलं, बोधचिन्हात दोन हात एकमेकांत गुंफलेले दाखवायचे हेही ठरलं. मग वरचा हात कोणाचा यावर चहा गार झाला.

खरा पेच जागेचा होता. केंद्र एकच मिळणार होतं आणि नदीला काठ दोन.

"आमच्याकडे जागा आहे," फीतकापे म्हणाले.

"आमच्याकडे पेशंट आहेत," सर्वानुमते म्हणाले.

"पेशंट काय, आम्हीही तयार करू," फीतकाप्यांनी तिथल्या तिथे आश्वासन दिलं.

मी इतिवृत्तात लिहिलं, 'जागेबाबत सकारात्मक चर्चा झाली.'

बैठक झाली की मी बाबांकडे जायची आणि सगळं नकलांसकट सांगायची. बाबा हसायचे, हसता हसता त्यांना धाप लागायची. मग ते दर वेळी एकच विचारायचे, "कुठे का होईना, पण कधी होणार?" त्यांचे पाय सुजलेले असायचे, मी ते उशीवर ठेवून द्यायची आणि घरी यायची.

अर्ज पाठवायची मुदत संपत आली तरी जागेचं घोडं अडलेलंच होतं. शेवटच्या सकाळी फीतकाप्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि खिडकीबाहेर नदीकडे बघत ठराव सांगितला. "लिहा. सदर केंद्र नदीच्या अलीकडच्या काठावर उभारण्यात यावे."

"पलीकडचे सही करणार नाहीत, साहेब," मी म्हटलं.

"नाही केली तर आपण जगाला सांगू की त्यांनी मोडता घातला. तुम्ही घेऊन तर जा."

मी कागद घेऊन पूल ओलांडला. सर्वानुमतेंच्या केबिनलाही खिडकी आहे आणि तिच्यातूनही तीच नदी दिसते, फक्त उलटी वाहते. त्यांनी चष्मा लावला, ठराव वाचला, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचला. त्यांचा चेहरा हळूहळू उजळत गेला.

"अलीकडच्या काठावर?" ते म्हणाले. "लिहून दिलं त्यांनी? स्वतःच्या सहीनिशी?"

"हो," मी म्हटलं.

"मी नेहमी म्हणतो, माणूस वाईट नाही तो. हट्टी आहे, पण मन मोठं आहे." आणि त्यांनी सही ठोकली. मग शिपायाला हाक मारून त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला. त्या इमारतीत मला चहा मिळण्याची ती पहिलीच वेळ.

काय झालं ते मला तेव्हाच कळलं होतं. तोंड उघडायला एक वाक्य पुरलं असतं. पण ते वाक्य बोलले असते तर अर्ज तिथेच राहिला असता आणि मुदत टळली असती. मी चहा प्यायले. त्याबद्दल मला तेव्हा वाईट वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. ज्यांना पन्नास बैठकांत एका काठावर आणता आलं नाही, त्यांना एका शब्दाने आणलं असेल तर तो शब्द मी कशाला खोडू?

तिथून तडक बाबांकडे गेले. त्यांना सांगितलं तेव्हा ते इतके हसले की वहिनी स्वयंपाकघरातून धावत आली.

"म्हणजे दोघंही अलीकडेच उतरणार!" डोळे पुसत बाबा म्हणाले. मग एकदम गंभीर झाले. "पण बये, बस एकाच ठिकाणी थांबते."

"आधी बस तर येऊ द्या, बाबा," मी म्हटलं.

आणि बस आली. सरकारने प्रस्ताव नुसता मंजूर केला नाही, डोक्यावर घेतला. जागेच्या प्रश्नावर पूर्ण एकमत असलेला हा एकमेव प्रस्ताव होता म्हणे. बाकी सगळी शहरं जागेवरून भांडत होती आणि आमच्या ठरावाखाली मात्र दोन्ही नगराध्यक्षांच्या सह्या. आमचं उदाहरण इतर शहरांना द्यावं असं पत्र निघालं. राजधानीतल्या प्रत्येक टेबलावर तो कागद फिरला आणि कोणत्याही टेबलाला 'कशाच्या अलीकडच्या?' असा प्रश्न पडला नाही. मोठ्या माणसांना आपण जिथे बसलोय तेच अलीकडे वाटतं, त्यांना असा प्रश्न पडत नाही.

निधी आला, फीतकाप्यांनी खोदाई सुरू केली. मशीन धडधडायला लागलं. थोड्या वेळाने ते चहासाठी थांबलं, तरी धडधड चालूच राहिली. सगळ्यांनी नदीकडे बघितलं. समोरच्या काठावरही धूळ उडत होती.

त्यानंतर महिनाभर जे झालं त्याला कागदोपत्री 'स्पष्टीकरणांची देवाणघेवाण' म्हणतात. फीतकापे म्हणाले, यांना मराठी कळत नाही. सर्वानुमते म्हणाले, यांना नदी कळत नाही. दोघांनीही मला बोलावून विचारलं, "तुम्ही लिहिलंत ना? तुमच्या मनात कुठला काठ होता?" मी दोघांनाही सांगितलं, "अलीकडचा." दोघंही समाधानाने म्हणाले, "बघा!" आणि पुन्हा भांडायला गेले.

निवाडा करायला राजधानीतून उपसचिव आले. बारीक चणीचा, फार थकलेला माणूस. ते पुलाच्या मध्यावर त्या बंद दिव्याखाली उभे राहिले आणि एकदा इकडे, एकदा तिकडे बघत राहिले.

"राजधानीतून बघितलं तर तुम्ही दोघंही पलीकडचे," ते शेवटी म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच फीतकापे आणि सर्वानुमते एकाच वेळी दुखावले गेले.

मग उपसचिवांनी तोडगा काढला. केंद्राचे दोन भाग करायचे. डायलिसिसची मशीनं आणि खुर्च्या आमच्या काठावर. त्या मशीनांना जे खास शुद्ध केलेलं पाणी लागतं, ते शुद्ध करणारा प्रकल्प पलीकडच्या काठावर. कोणावर अन्याय नाही. समितीत एक डॉक्टर होते, ते उठून म्हणाले की पाण्याशिवाय मशीन चालत नाही. त्यांना सांगण्यात आलं की पाणी पुलावरून नळीने येईल. नळी कधी येईल? ती दुसऱ्या टप्प्यात आहे. आणि दुसऱ्या टप्प्यासाठी दोन्ही शहरांनी मिळून नव्याने प्रस्ताव पाठवायचा आहे. डॉक्टर खाली बसले. मी इतिवृत्तात लिहिलं, 'तांत्रिक बाबींवर डॉक्टरांचे समाधान झाले.' ते लिहून मी वही दाणकन मिटली.

दोन्ही इमारती चटकन उभ्या राहिल्या. पुलावर नळी अडकवायला लोखंडी हुकसुद्धा ठोकले गेले. आमच्या बाजूने मध्यापर्यंत निळे, त्यांच्या बाजूने मध्यापर्यंत पिवळे.

उद्घाटन एकाच दिवशी ठरलं, सकाळी आमचं आणि नंतर त्यांचं. फोटोसाठी एक पहिला लाभार्थी हवा होता. बाकीच्या पेशंटांनी अंग काढून घेतलं. मग मुख्याधिकारी साहेबांना आठवलं की आपल्या लिपिकबाईंचे वडील आहेतच की.

"नाही," मी म्हटलं. "त्यांचा त्या दिवशी दुपारी डायलिसिसचा नंबर आहे, मोठ्या शहरात. त्याआधीची बस गाठावी लागते."

"कार्यक्रम तासाभराचा आहे हो," साहेब म्हणाले. "बससाठी आरामात मोकळे होतील."

मी बाबांकडे जाऊन त्यांना नुसतंच सांगितलं, चेष्टा म्हणून. तर ते म्हणाले, "जाऊ या."

"बाबा, ते मशीन सुरू नाहीये. नुसतं बसवणार आहेत तुम्हाला."

"माहीत आहे गं," ते म्हणाले. "पण एवढे दिवस त्याची गोष्ट ऐकतोय. एकदा बसून तरी बघू त्या खुर्चीत. घरापासून किती जवळ आहे ते बघू."

त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला, दाढी केली आणि वहिनीकडून बूट पुसून घेतले.

पाहुणे उशिरा आले, हे सांगायला नकोच. फीतकाप्यांनी स्वतःच्या कात्रीने फीत कापली, फोटो नीट आला नाही म्हणून नवी बांधून पुन्हा कापली. मग बाबांना खुर्चीत निजवलं. खुर्ची छान होती, मऊ, पाय वर करता येणारी. बाबांनी हाताने तिची गादी दाबून बघितली. मशीनची नळी त्यांच्या हाताला चिकटपट्टीने चिकटवण्यात आली आणि कोणीतरी म्हणालं, "आजोबा, जरा बरं वाटतंय असं बघा." बाबांनी बरं वाटतंय असं बघितलं. भाषणं सुरू होती तोवर ते तसेच बघत होते.

मी घड्याळाकडे बोट दाखवून साहेबांना खुणावत होते. साहेब टाळ्या वाजवत होते.

तिथून सगळा लवाजमा पुलावरून पलीकडे. माझा विचार बाबांना पुलाच्या टोकाशी स्टँडवर उतरवायचा होता, पण ते पाहुण्यांच्या गाडीत मधोमध बसले होते आणि गाडी थांबली नाही. पलीकडे प्रकल्पासमोर सर्वानुमतेंनी चकचकीत नळ सोडला आणि शुद्ध पाण्याचा पहिला ग्लास 'पहिल्या लाभार्थ्याला' दिला.

"त्यांना पाणी मोजून आहे!" मी मागून ओरडले. बँड वाजत होता.

बाबांनी ग्लासकडे बघितलं. ऊन होतं, सकाळपासून त्यांनी घोटभरच पाणी घेतलं होतं. त्यांनी ग्लास ओठांना लावला. फोटोग्राफर म्हणाला, "आजोबा, परत एकदा, या बाजूने." ग्लास पुन्हा भरला. मग पाहुण्यांसोबत एक, मग नगराध्यक्षांसोबत एक. त्यांचा दिवसभराचा वाटा फोटोत गेला. मी गर्दीतून कोपर मारत पोहोचले तेव्हा ते ओठ पुसत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर अपराधी आनंद होता. अशी तहान भागलेले बाबा मी कित्येक महिन्यांनी बघत होते. मला त्यांना रागवताही येईना.

तेवढ्यात पुलावरून हॉर्न ऐकू आला. बाबांनी तो आवाज ओळखला, नेमका तोच ओळखला.

"गेली," ते म्हणाले. "जन्मभर लोकांच्या बस चुकलेल्या बघितल्या. आज आपली."

पुढची बस संध्याकाळची. तोवर नंबर गेला असता, आणि पोटात हे सगळं पाणी. धाप आत्ताच सुरू झाली होती. मी सरळ सर्वानुमतेंसमोर जाऊन उभी राहिले. शेजारी पाहुणे म्हणून आलेले फीतकापेही होते. मागे दोघांच्या सरकारी गाड्या, ड्रायव्हर आत बसलेले.

"यांना मोठ्या शहरात न्यायला गाडी द्या," मी म्हटलं. "आत्ता. तुमच्या फोटोपायी बस चुकली आहे."

सर्वानुमते कळवळले. खरंच कळवळले. "अरेरे. पण बाई, लाभार्थी म्हणून यांचं नाव तुमच्या नगरपालिकेने दिलंय. आमच्या हिशेबी हे पलीकडचे. आमची गाडी पलीकडच्या माणसाला दिली तर उद्या सभागृहात मला उभं करतील."

मी फीतकाप्यांकडे वळले. त्यांनी खिशातली कात्री चाचपली.

"राहतात कुठे हे?" त्यांनी विचारलं. "इथेच ना, या काठावर? मग हे तर पलीकडचे. बाई, तुम्ही इतकी वर्षं नोकरीत आहात, नियम तुम्हाला मी सांगायचे?"

मी काय बोलले ते इथे लिहीत नाही. इतिवृत्तात ते बसलं नसतं. एवढंच सांगते की बँड थांबला होता आणि सगळ्यांना ते ऐकू गेलं. बाबा माझ्या खांद्याला धरून म्हणाले, "पुढे सरका, बाईसाहेब, पुढे सरका. गर्दी करू नका."

आम्हाला नेलं ते मंडपवाल्याने. दोन्ही शहरांनी मंडप बाहेरून, मोठ्या शहरातून मागवला होता, कारण एकमेकांचा मंडप घेणं कमीपणाचं. तो टेम्पोत खुर्च्या चढवून परत निघालाच होता. बाबांना पुढे बसवलं, मी मागे, घडी केलेल्या खुर्च्या आणि कापलेल्या फितींमध्ये. वाटेत काचेतून त्यांची मान दिसत होती. ती एका बाजूला कलली की मी काचेवर टकटक करायची आणि ते हात वर करून दाखवायचे. त्या वाटेवर मी दोन्ही शहरांना, दोन्ही काठांना आणि स्वतःला मनसोक्त शिव्या घातल्या. तो चहा मला आठवत होता.

हॉस्पिटलात पोहोचलो तेव्हा बाबांचा नंबर गेला होता, पण एक खुर्ची नुकतीच रिकामी झाली होती. तिथली नर्स बाबांना ओळखते. तिने त्यांना वजनकाट्यावर उभं केलं आणि आकडा बघून कपाळाला हात लावला.

"काका, किती पाणी प्यायलात?"

"सरकारी होतं," बाबा धापा टाकत म्हणाले. "नाही म्हणता येईना."

ती हसली नाही. तिने संगणकावर काहीतरी उघडलं आणि अवघडून माझ्याकडे बघितलं. "ताई, आज एक अडचण आहे. वरून सूचना आली आहे. तुमच्याकडे केंद्र सुरू झालं ना आता? त्यामुळे तिथले पेशंट आजपासून आम्ही घ्यायचे नाहीत."

"ते केंद्र सुरू झालेलं नाही," मी म्हटलं. "नुसती फीत कापली आहे. तिथे पाणी नाही हो मशीनला!"

"मला कळतंय, ताई. पण हे असं लिहून आलंय, मी काय करू?" तिने पडद्यावरून मोठ्याने वाचलं. "'नदीच्या अलीकडच्या काठावर केंद्र कार्यान्वित झाल्याने, अलीकडच्या रुग्णांना यापुढे प्रवेश देऊ नये.'" ती थांबली. पुन्हा मनात वाचलं. मग तिने मान वर केली. ती बसने येणारी-जाणारी बाई असावी. "यात नुसतं अलीकडचे म्हटलंय," ती सावकाश म्हणाली. "काका, तुम्ही अलीकडचे की पलीकडचे?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. त्यांचे ओठ निळसर झाले होते, पण डोळ्यांत तोच जुना कंडक्टर होता.

"पलीकडचा," ते म्हणाले. "दोन्ही नगराध्यक्षांनी आजच सांगितलंय. सर्वानुमते."

नर्सने तसं लिहून घेतलं आणि त्यांची बाही वर केली. सुई टोचली, खरी नळी जोडली गेली, मशीन गुणगुणायला लागलं. बाबा डोळे मिटून म्हणाले, "खुर्ची तिकडची जास्त मऊ होती." मग त्यांना झोप लागली. मी शेजारच्या स्टुलावर बसून त्यांचा दुसरा हात धरून ठेवला. त्यावर सकाळची चिकटपट्टी अजून तशीच होती, ती मी हळूच सोडवून काढली.